कसला वास?

डोंबिवलीत एमआयडीसीच्या बाजूला राहणाऱ्या प्रत्येक घरात एक ठरलेला सीन असतो. रात्रीचे साडेदहा-अकरा झाले, वारा फिरला, की कुणीतरी ताडकन उठतं आणि खिडक्या लावायला धावतं. आमच्याकडे हे खातं आईकडे. "सोडला मेल्यांनी!" असं म्हणत ती घरभर फिरते. मग आमची वास ओळखा स्पर्धा. दादा म्हणणार सडकी अंडी, मी म्हणणार नेलपॉलिश रिमूव्हर. आणि बाबा टीव्हीवरची नजर न हलवता विचारणार, "कसला वास?"

आम्ही खो खो हसायचो. तीस-पस्तीस वर्षं डोंबिवलीत काढली की नाक मरतं, असं दादाचं शास्त्रीय मत होतं. बाबांनाही त्याचा थोडा अभिमान असावा. पाहुण्यांसमोर सांगायचे, "मला काही होत नाही बुवा."

दोन वर्षांपूर्वी ठाण्यातल्या एका न्यूरॉलॉजिस्टनी बाबांना खुर्चीतून उठायला लावलं, चालायला लावलं, अंगठ्यावर बोट टपटप आपटायला लावलं आणि मग सहज विचारावं तसं विचारलं, "काका, वास येतो का नीट?" आईने आणि मी एकमेकींकडे बघितलं. आमचा जोक तिथेच संपला.

पार्किन्सन्स. वय ६२.

आता लगेच घाबरून स्वतःच्या कॉफीचा मग हुंगायला जाऊ नका. वास जाण्याची शंभर कारणं असतात. सर्दी, सायनस, कोविड आणि नुसतं वयसुद्धा. पण पार्किन्सन्समध्ये हात थरथरायला लागण्याच्या कितीतरी वर्षं आधी वास जाऊ शकतो, हे मला माहीत नव्हतं. बद्धकोष्ठ, झोपेत हातपाय झाडणं हीसुद्धा त्याचीच आधी येऊन गेलेली पत्रं असू शकतात. बाबांची तिन्ही पत्रं आली होती. आम्ही फोडली नाहीत.

चौथं पत्र तर भिंतीवरच लटकत होतं. बाबा 'कालनिर्णय'वर दुधाचा हिशोब लिहितात. डायग्नोसिसनंतर मी माळ्यावरून मागची चार वर्षं काढली आणि शेजारी शेजारी ठेवली. पहिल्या वर्षीचं 'दीड लि.' अगदी बँकेतल्या माणसाचं, ठसठशीत. चौथ्या वर्षीचं वाचायला मला मोबाईलचा टॉर्च लागला. अक्षर बारीक होत जाणं हे या आजाराचं अगदी पुस्तकी लक्षण आहे. आम्हाला वाटलं, पेन खराब.

मधले आठ महिने तर एका डॉक्टरांनी फ्रोझन शोल्डरचे व्यायाम दिले होते, कारण चालताना उजवा हात हलत नव्हता. मी त्यांना दोष द्यायला तयार होते. पण रोज घरात बघणाऱ्या आम्हाला दिसलं नाही, तर दहा मिनिटांत त्यांना काय दिसणार? (हे मी आता म्हणते. तेव्हा मी काय म्हणाले होते ते छापण्यासारखं नाही.)

एनी वे. त्या दिवशी डॉक्टरांनी कागदावर मेंदूचं चित्र काढलं, त्यात खोलवर एक काळपट पट्टी काढली. तिचं नाव सबस्टॅन्शिया नायग्रा. इथल्या पेशी डोपामिन बनवतात आणि डोपामिन असेल तर आपली हालचाल सुरळीत होते. हात थरथरायला लागेपर्यंत यातल्या निम्म्याच्या आसपास पेशी गेलेल्या असतात. "गेलेल्या म्हणजे?" मी विचारलं. "मेलेल्या," ते म्हणाले. आणि मग मी तो प्रश्न विचारला जो मास कॉमवाल्यांना पहिल्या वर्षी घोटून घेतात. कोण, कधी, कुठे झालं. आता राहिलं कसं. "कशा मेल्या?"

डॉक्टर हसले. म्हणाले, "वाचा तुम्ही. सगळं जग सध्या तेच वाचतंय."

तर मग वाचलं. दोन वर्षं, ठाण्याहून डोंबिवलीला दर रविवारच्या लोकलमध्ये. (मी घोडबंदर रोडला दोन मैत्रिणींबरोबर राहते. दर रविवारी बाबा.) आणि जे कळलं ते सॉलिड आहे. मरणामरणात फरक असतो, हा पेशींच्या बाबतीत निव्वळ सायन्सचा मुद्दा आहे.

आपल्या शरीरात रोज अब्जावधी पेशी मरतात आणि आपल्याला पत्ता लागत नाही. कारण त्या सभ्यपणे मरतात. सोसायटीतला एखादा भाडेकरू कसा अॅग्रीमेंट संपलं की सामान खोक्यांत भरतो, लाईटबिल भरतो, चावी सेक्रेटरीला देतो आणि जातो, शेजाऱ्यांना दुसऱ्या दिवशी कळतं, तसं. पेशी आकसते, स्वतःचे व्यवस्थित तुकडे करते, बाजूच्या पेशी ते गिळून टाकतात. या मरण्याला १९७२ मध्ये केर, वायली आणि करी या तिघांनी नाव दिलं, अॅपॉप्टोसिस. मूळ ग्रीक शब्द पानं गळण्याचा. म्हणजे आपली पानगळच.

दुसरं मरण वेगळं. त्याचं नाव पायरोप्टोसिस. यातलं 'पायरो' म्हणजे आग. हे नाव २००१ मध्ये अमेरिकेत कुक्सन आणि ब्रेनन यांनी दिलं. यात पेशी आकसत नाही, फुगते आणि फुटते. आतला सगळा माल बाहेर, आणि त्याबरोबर धोक्याची घंटा वाजवणारी रसायनंही बाहेर. डोंबिवलीकरांना हे वेगळं समजवायला नको. २६ मे २०१६ ला एमआयडीसीत स्फोट झाला तेव्हा मी घरात होते. स्फोट तिकडे आणि आमच्या हॉलची काच इकडे जमिनीवर. आमचा त्या कंपनीशी संबंध काय? काही नाही. आम्ही फक्त शेजारी होतो. फुटणाऱ्या पेशीच्या शेजारच्या पेशींचं नेमकं हेच होतं.

ही भानगड शरीराने ठेवलीच कशाला, असा प्रश्न मलाही पडला. उत्तर आहे, जंतूंसाठी. एखाद्या पेशीत जंतू घुसला आणि ती सभ्यपणे मरायला वेळ घेत बसली, तर तो आत मजेत पिल्लं काढणार. त्यापेक्षा घर उडवून द्यायचं आणि मरता मरता आख्ख्या गल्लीला ओरडून उठवायचं. विशीत ही सिस्टीम जीव वाचवते. साठीत ती चुकीच्या गोष्टींवर वाजायला लागते.

हा अलार्म २००२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये युर्ग चॉप यांच्या टीमने शोधला आणि त्याला इन्फ्लमसोम म्हटलं. त्यातल्या सगळ्यात बदनाम प्रकाराचं नाव एनएलआरपी-३. रेल्वेच्या डब्याच्या नंबरासारखं वाटतं, पण लक्षात ठेवा, पुढे येणार आहे. अलार्म वाजला की कात्रीसारखं एक एन्झाइम सुरू होतं, ते गॅसडर्मिन-डी नावाच्या प्रोटीनचे दोन तुकडे करतं आणि त्यातले तुकडे एकत्र येऊन पेशीच्या भिंतीला भोकं पाडतात. ही तुकड्यांची गोष्ट २०१५ मध्ये कळली. बीजिंगच्या फेंग शाओंच्या लॅबने आणि कॅलिफोर्नियात जेनेनटेक कंपनीतल्या विश्व दीक्षित यांच्या टीमने, दोघांनी एकाच वर्षी सांगितली.

दीक्षित! मी लोकलमध्येच उडाले. टिळकनगरमधले असणार, किमान फडके रोडवर मामा तरी. कसलं काय, माणूस केनियात जन्मलेला, नैरोबीत डॉक्टर झालेला, मग अमेरिकेत गेलेला. असो. याच दीक्षितांच्या टीमने २०२१ मध्ये आणखी एक गंमत दाखवली. तोवर सगळ्यांना वाटायचं, भोकं पडली की पाणी आत शिरतं आणि पेशी आपोआप फुटते, फुग्यासारखी. तसं नाही. शेवटचं टरकन फाडण्याचं काम करायला निंजुरिन-१ नावाचं वेगळं प्रोटीन हजर असतं. ते काढून टाकलं की पेशी मरते पण फुटत नाही. म्हणजे स्फोटसुद्धा अपघात नाही, तो प्लॅनमध्येच आहे. आणि जे प्लॅनमध्ये आहे ते थांबवताही येऊ शकतं, हा सगळा फण्डा इथून सुरू होतो.

(फुटून मरण्याचा आणखी एक प्रकार आहे, नेक्रोप्टोसिस. त्याचं नाव हार्वर्डच्या जुनयिंग युआन यांच्या टीमने २००५ मध्ये ठेवलं. त्याची प्रोटीनं वेगळी, परिणाम तोच, शेजाऱ्यांच्या काचा. अल्झायमर्सच्या मेंदूत याच्या खुणा २०१७ मध्ये सापडल्या.)

आता बाबांच्या काळ्या पट्टीकडे. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात, वॉचमन आणि सफाई कामगार एकत्र. पार्किन्सन्समध्ये अल्फा-सिन्यूक्लिन नावाच्या प्रोटीनच्या गुठळ्या साचतात. वॉचमन त्या कचऱ्यावर येतो, गिळायला बघतो, गिळवत नाही, आणि त्याला तो जंतूच वाटतो. वाजला एनएलआरपी-३. १९८८ मध्येच कॅनडाच्या मॅकगियर पतिपत्नींनी पार्किन्सन्सच्या पेशंटच्या मेंदूत, मृत्यूनंतर, त्या काळ्या पट्टीत खवळलेल्या मायक्रोग्लियाची गर्दी बघितली होती. तेव्हा वाटलं, पेशी मेल्यात म्हणून सफाईवाले आले असतील. आता संशय असा की त्या गर्दीतल्या काहींनीच शेजारच्या पेशी मारल्या असाव्यात. मेलेल्या पेशींचा माल पुन्हा कचरा, पुन्हा अलार्म. अल्झायमर्समध्ये हाच अलार्म बंद केलेले उंदीर गोष्टी विसरायचे थांबले, असं २०१३ मध्ये जर्मनीतल्या हेनेकांनी दाखवलं. डोळ्याचा पडदा झिजणं, गाऊट, हृदयाच्या रक्तवाहिन्या, तुमच्या आजीचे गुडघे, सगळीकडे हाच आरोपी उभा केला जातोय. म्हातारपणी अंगात सतत धुमसणाऱ्या या आगीला इटलीच्या फ्रांचेस्की यांनी २००० मध्ये 'इन्फ्लमेजिंग' असा शब्दच काढला.

"मग औषध दे ना," बाबा म्हणाले. मी त्यांना हे सगळं फडके रोडवरच्या एका हॉटेलात मिसळ खाताना सांगत होते. बाबांची गोळी लेव्होडोपाची आहे, ती डाळ-दह्याच्या आधी अर्धा तास घ्यावी लागते, नाहीतर प्रोटीनशी तिची मारामारी होते आणि ती नीट चढत नाही. त्यामुळे आमच्याकडे जेवणाचं टाइमटेबल रेल्वेपेक्षा कडक आहे. ही गोळी कमी पडलेलं डोपामिन भरून काढते आणि कमाल करते. पण मरणाऱ्या पेशींचं मरण थांबवत नाही. तसं थांबवणारी एकही गोळी आज कुठल्याच केमिस्टकडे नाही.

प्रयत्न जोरात आहेत. एनएलआरपी-३ दाबणारं एक मॉलिक्यूल २०१५ मध्ये गाजलं. २०१८ मध्ये त्याने पार्किन्सन्सच्या उंदरांच्या पेशी वाचवल्या. २०२० मध्ये रोश कंपनीने या विषयावर काम करणारी एक छोटी आयरिश कंपनी ३८ कोटी युरो मोजून घेतली. पण २०२४ मध्ये नेक्रोप्टोसिस थांबवणारं एक औषध एएलएसच्या पेशंटवर फेल गेलं. उंदीर बरे होतात हो. उंदरांचं नेहमीच चांगलं होतं.

माणसांत सगळ्यात मोठा प्रयोग हृदयाच्या बाजूने झाला, २०१७ मध्ये. हार्ट अटॅक येऊन गेलेले १०,०६१ लोक, आणि अलार्ममधून निघणारं इंटरल्युकिन-१ बीटा हे रसायन अडवणारं इंजेक्शन, कॅनाकिनुमॅब. मधल्या डोसला पुन्हा अटॅक, स्ट्रोक वगैरे १५ टक्क्यांनी कमी झाले. नंतर त्याच आकड्यांमध्ये बघितलं तर इंजेक्शनवाल्यांचे गुडघे आणि खुबे बदलण्याची ऑपरेशनंही बरीच कमी निघाली. पण जंतुसंसर्गाने मरणारे वाढले. अलार्म बंद केला की चोरही खूश होतो, त्याचं काय करणार?

इथे एक कबुलीजबाब. अशा चकचकीत पानांवर 'अँटी-इन्फ्लमेटरी डाएट'च्या लिस्टा लिहिल्या आहेत कुणी? मी. हळदीच्या लाटेवर तर मी दोन आर्टिकल्स काढली. हळदीतलं कर्क्युमिन लॅबच्या बशीत पुष्कळ पराक्रम करतं, पण तोंडाने घेतलं की रक्तात फारच थोडं पोचतं, हे मी तेव्हा एका ओळीत लिहिलं होतं आणि ती ओळ जागेअभावी उडाली होती. मी भांडले नाही. आता बाबांच्या व्हॉट्सअॅपवर रोज कुणीतरी तसलंच काहीतरी पाठवतं आणि आई ते करून घालते. हळद-दूध चांगलंच लागतं, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण एका काकांनी पेनकिलर रोज घ्यायला सांगितलं, तेव्हा मात्र मी फोन हातात घेतला. अल्झायमर्स टाळायला निरोगी वृद्धांना रोज नॅप्रोक्सेन आणि सेलेकॉक्सिब देऊन बघायचा प्रयोग अमेरिकेत झाला होता. हृदयाच्या धोक्याच्या काळजीने २००४ मध्ये तो मध्येच थांबवावा लागला.

आता तो प्रश्न, जो आई रात्री खिडक्या लावताना विचारते. "या वासानेच झालं का गं यांना?"

२०१४ मध्ये डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला, २०२० मध्ये रस्ता गुलाबी झाला, आम्ही दोन्हीचे फोटो काढले. ट्रायक्लोरोइथिलीन नावाच्या, मशीनचं ग्रीस काढायच्या सॉल्व्हंटचा पार्किन्सन्सशी संबंध दिसतो. अमेरिकेच्या एका लष्करी तळावर पिण्याच्या पाण्यात ते मिसळलं होतं, तिथे राहिलेल्यांमध्ये हा आजार ७० टक्क्यांनी जास्त, असं २०२३ मध्ये छापून आलं. पॅराक्वॅट या तणनाशकावरही संशय आहे. पण बाबा एका माणसाचं नाव आहे. एका माणसाच्या मेंदूतली पहिली गुठळी कशाने झाली, हे कुठलीच टेस्ट सांगत नाही. आईला हे पटत नाही. तिला कुणीतरी दोषी हवंय. मला तिचं कळतं, कारण मलाही हवंय.

आणि डोंबिवलीच कशाला. आपल्याकडे पार्किन्सन्सची जुनी, नीट घरोघर जाऊन केलेली मोजणी आहे ती मुंबईच्या पारशी कॉलन्यांमधली, १९८८ मध्ये डॉ. भरुचांच्या टीमने छापलेली. १४,०१० माणसं, त्यात ४६ पेशंट. म्हणजे तीनशेंमागे एक. हा आकडा मोठा दिसण्याचं एक कारण साधं होतं, कॉलन्यांमध्ये म्हातारी माणसं जास्त. आमच्या सोसायटीत आता तीन मजल्यांवर फक्त आई-बाबा उरलेत, मुलं ठाणे, पुणे, न्यू जर्सी. मोजायला गेलं तर काय निघेल ते मी मनात केलंय.

बाबांना मी एका शनिवारी ठाण्याला सपोर्ट ग्रुपमध्ये नेलं. पार्किन्सन्सवाल्यांसाठी मुंबईत २००१ पासून सोसायटी आहे, पुण्यात मित्रमंडळ आहे, तिथे हृषीकेश पवार यांनी पेशंटना चक्क कंटेम्पररी डान्स शिकवलाय. बाबा जायला तयार नव्हते. "थरथरणारे म्हातारे बघायला नेतेस?" आत गेले आणि तिथल्या एका निवृत्त मोटरमनशी लोकलच्या टाइमटेबलवरून त्यांचं वाजलं. दोन तास. परतताना रिक्षात म्हणाले, "त्याला फास्ट गाड्यांचं काही कळत नाही." म्हणजे पुढच्या वेळी जायचं होतं.

तिथे एक गोष्ट ठासून सांगतात, व्यायाम. दमवणारा. २०१८ मध्ये १२८ नवीन पेशंटवर अमेरिकेत प्रयोग झाला, त्यात आठवड्यातून तीनदा धाप लागेल इतक्या जोरात ट्रेडमिलवर चालणाऱ्यांचा आजार सहा महिन्यांत जवळपास वाढला नाही. व्यायाम तो अलार्म शांत करतो का, की आणखी काही करतो, यावर वाद आहेत. बाबांना वादात इंटरेस्ट नाही. त्यांना ट्रेडमिलमध्येही नाही. "रस्ता फुकट असताना?"

पण रस्त्यावर पाय अडकतात. दरवाजाशी, वळणावर, गर्दीत पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. या पाडव्याला आम्ही डोंबिवलीच्या शोभायात्रेला गेलो. १९९९ मध्ये सुरू झाली तेव्हापासून बाबांनी ती चुकवली नव्हती, मागच्या वर्षी चुकवली. फडके रोडच्या तोंडाशी ते थांबले. म्हणजे थांबले नाहीत, अडकले. मागून नऊवारीतल्या बाईकवाल्या मुली, पुढे ढोलपथक, आणि मध्ये बाबा, कपाळावर घाम, माझ्या हातावर त्यांची बोटं रुतलेली. "चल ना," ते मला म्हणाले, जसं काही मीच अडले होते.

मग ढोल सुरू झाला. आणि तिसऱ्या-चौथ्या ठोक्याला त्यांचा उजवा पाय उचलला गेला. मग डावा. ठेक्याने अडकलेला पाय सुटतो, हे मी दोन महिने आधी वाचलं होतं, समोर बघितलं पहिल्यांदा. गणपतीच्या देवळापर्यंत बाबा पथकाच्या मागे मागे गेले, आणि पथक पुढे गेल्यावर पुन्हा अडकले. मी तोंडाने ढोल वाजवला. दोन मुली वळून हसल्या.

आता त्यांच्या मोबाईलवर मेट्रोनोमचं अॅप आहे. संध्याकाळी ते खिशात टिकटिक करत एमआयडीसीच्या रस्त्याने तीन फेऱ्या मारतात. वॉचमनने पहिल्या दिवशी घाबरून विचारलं होतं, काका, खिशात काय आहे?